दिलं म्हणजे दिलं



घरात रंगकाम काढलं किंवा दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरून काय काय खाली येतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुलांचा पाळणा, लग्नात आहेर आलेले डिनर सेट, नवा घेतल्यावर बाजूला पडलेला मिक्सर, आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली फोल्डिंगची खाट. भंगारवाला हे सगळं वजनावर घेतो आणि चांगली चालती वस्तूही मोडीत निघते. म्हणून हल्ली पुष्कळ जणी फोटो काढून सोसायटीच्या नाहीतर परिसराच्या ग्रुपवर टाकतात, ‘मोफत आहे, हवं असेल त्यांनी घेऊन जावं.’

मला ही पद्धत मनापासून आवडते. फक्त तिच्याबद्दल माझं एक ठाम मत आहे. देण्याआधीची जबाबदारी पूर्ण आपली आणि दिल्यानंतरचा हक्क शून्य. पुष्कळदा व्यवहार नेमका याच्या उलट होतो.

अमेरिकेतल्या टूसॉन शहरात २००३ साली ‘फ्रीसायकल’ सुरू झालं. तिथला मुख्य नियम साधा आहे, वस्तू पूर्णपणे मोफत हवी. ‘बाय नथिंग’ नावाचे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट तिकडेच २०१३ मध्ये सुरू झाले. पण जुन्या वस्तूला दुसरं घर मिळवून देणं आपल्याला काही नवीन नाही. आपल्याकडे बोहारीण येत होतीच. जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं द्यायची. आठवतं ना, प्रत्येक साडी उलगडून ती उजेडात धरायची, काठ तपासायची, विरलेली असेल तर सरळ बाजूला सारायची. ‘हे नको’ म्हणायचा तिला पूर्ण अधिकार होता.

कामाच्या मावशींना तो अधिकार नसतो. ‘घेऊन जा गं, तुला उपयोग होईल,’ असं म्हणून त्यांच्या हातात बंद पडलेला मिक्सर दिला जातो. मालकिणीला नाही कसं म्हणायचं? मग त्या तो बसमधून घरी नेतात आणि दुरुस्तीला पैसे घालतात, नाहीतर कोपऱ्यात ठेवून देतात. आपला पसारा दहा बाय दहाच्या खोलीत गेला एवढंच. ऑनलाइन देण्याचं खरं मोल मला इथेच दिसतं. वस्तू ज्याला हवी आहे तोच विचारतो, फोटो बघून ठरवतो, नको असेल तर गप्प राहतो. कुणावर उपकार नाही, कुणावर भिडेचं ओझं नाही.

पण मग फोटोही खरा हवा. सोफ्याची फाटलेली बाजू भिंतीकडे करून काढलेला फोटो म्हणजे असत्यच. कपाटाची लांबी, रुंदी, उंची लिहा. कितवा मजला, लिफ्टमध्ये मावतं की नाही, उतरवायला किती माणसं लागतील, तेही लिहा. टेम्पो घेऊन आलेल्या माणसाला कपाट जिन्यात अडकल्यावर कळलं, तर त्याचं भाडं फुकट जातं. कुकर देताना रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठीक आहे का ते बघा. गादी उन्हात टाका, खाटेच्या सांध्यांत ढेकूण नाहीत ना ते पाहा. जुना मोबाइल देण्याआधी आतली सगळी माहिती पुसा. जे दुरुस्तच होणार नाही, ते मोफत म्हणूनही देऊ नका. त्याची जागा ई-कचऱ्यात. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची संस्था ‘व्ही-कलेक्ट’ उपक्रमातून जुन्या वस्तू आणि ई-कचरा गोळा करते. तुमच्या गावातही अशी सोय आहे का, चौकशी करा.

आणि हे सगळं वेळेवर करा. न वापरताही रबर कडक होतं, फोमचा भुगा होतो, पावसाळ्यात प्लायवुड फुगतं. शिवाय साठलेल्या पसाऱ्यात जीवोत्पत्ती होते. कसर, झुरळं, वाळवी. मग फवारणीवाल्याला बोलवावं लागतं. रात्रीचं खाणं टाळणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या घराने माळ्यावरच्या पसाऱ्यापायी एवढी हिंसा का ओढवून घ्यावी?

आता दिल्यानंतरचं. आमच्या ग्रुपवर एकीने लोखंडी कपाट मोफत दिलं. आठवड्याभरात तेच कपाट रंग मारून विक्रीच्या ॲपवर दिसलं. ग्रुपवर संतापाची लाट! ‘फसवणूक आहे ही’, ‘यापुढे ओळखीच्यांनाच द्यायचं’, ‘आधार कार्ड मागायचं’.

माझं मत त्या दिवशी कुणाला फारसं रुचलं नाही, पण अजूनही तेच आहे. ज्याने ते तीन मजले खाली उतरवलं, टेम्पोचं भाडं भरलं, गंज घासून रंग मारला, त्याने चार पैसे मिळवले तर आपलं काय गेलं? कपाट कुणाच्या तरी घरी उभं राहणार, भट्टीत जाणार नाही. बुधवारी, रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात कितीतरी कुटुंबांची चूल अशाच कष्टांवर पेटते. वस्तूचे पैसेच हवे असतील तर ती खुशाल विकावी, त्यात कमीपणा नाही. पण मोफत म्हणून द्यायची आणि मनात दोरी धरून ठेवायची, हे देणं नव्हे.

दशलक्षण पर्वात आठव्या दिवशी उत्तम त्याग येतो आणि नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. आधी वस्तू सुटते, मग ‘माझी होती’ हा भाव सुटायला हवा. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख आसक्तीवरून सांगितली आहे, ती यासाठीच. कपाट घराबाहेर गेलं, पण त्याच्यावरचा डोळा गेला नाही, तर परिग्रह घरातच राहिला. घेणाऱ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं, ‘वापरताय ना?’ म्हणून महिन्याने विचारणं, हेही त्यातलंच.

सावधगिरी मात्र सोडू नका. पत्ता आणि फोन नंबर सगळ्यांसमोर टाकू नका, वस्तू शक्यतो सोसायटीच्या गेटपाशी द्या. कुणी ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणालं तर तिथेच थांबा. मोफत वस्तूला पैसे कशाला, आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही.

या आठवड्यात माळ्यावरची एकच वस्तू खाली काढा. पुसा, तपासा, खरा फोटो टाका. ती गेटबाहेर पडली की विसरून जा.