कोरोनानंतर उडालेली झोप: बारामती-इंदापूरमध्ये हा प्रश्न विचारणार कोण?

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्याच्या वर्षभर आधीच बारामती आणि इंदापूरचं रोजचं जगणं रुळावर आलं होतं. आठवडे बाजार भरू लागले होते, कारखान्यांची धुराडी पेटली होती, तुकोबांची पालखी पुन्हा पायी निघाली होती.

पण साथीचा एक परिणाम असा आहे, जो कुठल्याही आदेशाने संपत नाही. तो म्हणजे गेलेली झोप आणि तिच्यामागे दडलेला मनाचा त्रास. साथीच्या काळात ताप किती, ऑक्सिजन किती, हे घरोघरी जाऊन विचारलं गेलं. रात्री झोप लागते का, हा साधा प्रश्न मात्र मागे राहिला. मानसिक आरोग्यापर्यंत पोहोचण्याचा ग्रामीण भागातला सगळ्यात सोपा रस्ता याच प्रश्नातून जातो. तो कसा, हे समजून घेऊया.

तेव्हा नेमकं काय बदललं होतं?

राज्यातला पहिला कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडला. महिनाअखेरीस बारामतीतही रुग्ण आढळला आणि एप्रिलमध्ये शहरात राजस्थानच्या भिलवाड्याच्या धर्तीवर कडक बंदोबस्त सुरू झाला. रस्ते बंद झाले आणि किराणा-भाजी स्वयंसेवकांमार्फत घरपोच देण्याची व्यवस्था उभी राहिली. साथ रोखण्यासाठी ते गरजेचं होतं. पण माणसाचा दिवस ज्या गोष्टींनी बांधलेला असतो, त्या सगळ्या एका फटक्यात सुटल्या.

या दोन तालुक्यांत दिवस कशाने बांधलेला असतो? सकाळ-संध्याकाळच्या धारा, डेअरीची वेळ, पाण्याची पाळी, उसाची तोड, एमआयडीसीतली शिफ्ट, शाळेची घंटा, आठवडे बाजार आणि आषाढातली वारी.

दुधाचंच उदाहरण घ्या. हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद झाल्यावर मागणी घसरली आणि दर कोसळले. राज्य सरकारने रोज १० लाख लिटर अतिरिक्त दूध २५ रुपये लिटरने घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय घेतला. तरीही जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये दरासाठी राज्यभर आंदोलनं झाली. गाईला लॉकडाऊन कळत नाही. धार दोन्ही वेळा काढावीच लागते, पेंड आणावीच लागते. काम तेवढंच, पैसा कमी आणि पुढे काय होणार याचा पत्ता नाही, अशी अवस्था होती.

ऊसतोड मजुरांचे हाल वेगळेच होते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी आणि नीरा-भीमा अशा कारखान्यांमुळे या पट्ट्यात दर हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. २०२० चा हंगाम संपत असतानाच जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. राज्यभरात सव्वा लाखाच्या आसपास मजूर कोप्यांमध्ये अडकले. त्यांना गावी जाण्याची परवानगी मिळायला १७ एप्रिल उजाडला.

वारीही थांबली. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण नाही, बेलवाडीचं गोल रिंगण नाही. वर्षभराचं साचलेलं मोकळं करण्याची ही हक्काची जागा होती.

मग २०२१ ची दुसरी लाट आली. १८ एप्रिल २०२१ या एका दिवशी राज्यात ६८ हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. बेड, ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिरसाठी माणसं रात्र रात्र फोन लावत होती. अंत्यविधीला २० जणांची मर्यादा होती. ग्रामीण भागात सावडायला, दहाव्याला सगळी भावकी जमते, माणसं चार शब्द बोलतात, रडतात. तेच झालं नाही. अनेक घरांतलं दुःख घरातच राहिलं.

झोप का उडते?

झोप मुख्यतः दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे झोपेचा दाब. माणूस जितका वेळ जागा राहतो, तितकं मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोप येऊ लागते. दुसरी म्हणजे शरीराचं घड्याळ. सकाळचा उजेड, जेवणाच्या आणि कामाच्या वेळा यांवरून ते रोज जुळवून घेतं.

लॉकडाऊनमध्ये या दोन्हींना धक्का बसला. दिवसभर घरात, दुपारी लांबलचक डुलकी, कमी हालचाल आणि रात्री उशिरापर्यंत मोबाईल. त्यामुळे दाब तयार होईना आणि घड्याळही भरकटलं.

तिसरा घटक काळजीचा. धोका जवळ आहे असं वाटत असेल तर मेंदू पहाऱ्यावर राहतो, हृदयाचे ठोके वाढलेले राहतात आणि डोळा लागला तरी मध्येच जाग येते. धोका टळला की बहुतेकांची झोप परत येते. पण काहींना तोपर्यंत अंथरुणावर पडून जागं राहण्याचीच सवय लागलेली असते. ‘आज तरी झोप लागेल का’ हीच नवी काळजी होते. त्यामुळे मूळ कारण संपलं तरी निद्रानाश उरतो. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग तीन महिने असा त्रास झाला, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात.

आकडे काय सांगतात?

साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. ‘द लॅन्सेट’मधल्या २०२१ च्या अभ्यासानुसार २०२० मध्ये जगात तीव्र नैराश्याचे सुमारे ५ कोटी ३० लाख आणि चिंता-विकाराचे ७ कोटी ६० लाख जादा रुग्ण होते. सर्वाधिक फटका महिला आणि तरुणांना बसला.

झोपेबाबत १३ देशांतल्या ४४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३६ टक्के लोकांना झोपेच्या तक्रारी होत्या. कोरोना झालेल्यांमध्ये हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या जवळ होतं.

आजारातून बरं झाल्यावरही त्रास संपला नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कोरोना झालेल्या २ लाख ३६ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये सहा महिन्यांच्या आत मेंदूशी किंवा मनाशी संबंधित आजाराचं निदान झालं होतं.

राज्यातली एक नोंद जास्त अस्वस्थ करणारी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार महाराष्ट्रात २०१९ मध्ये १८,९१६ जणांनी आत्महत्या केली. २०२१ मध्ये हा आकडा २२,२०७ झाला. ही सगळी वाढ कोरोनामुळे झाली असं म्हणता येणार नाही. आत्महत्येमागे एकच कारण कधी नसतं. पण मनाचं आरोग्य हा मागे ठेवण्याचा विषय नाही, एवढं यातून नक्की दिसतं.

शेतकरी तर आधीपासूनच रात्री जागा असतो, मग?

म्हणूनच हा प्रश्न इथे जास्त गुंतागुंतीचा आहे. कृषी फीडरवर थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जावं लागतं. पहाटे पुन्हा धारा आहेतच. कारखान्यात आणि एमआयडीसीत तीन पाळ्या चालतात. म्हणजे शरीराचं घड्याळ कोरोनाच्या आधीच ओढाताणीत होतं. साथीने त्यावर कर्ज, आजार आणि मृत्यूची काळजी टाकली.

यातून एक अडचण तयार होते. ‘जागरण तर पाचवीला पुजलंय’ असं म्हणून झोपेची तक्रार झटकली जाते. पण पाण्यासाठी जागणं आणि अंथरुणावर पडूनही झोप न येणं यात फरक आहे. पहिल्यात वेळ मिळत नाही. दुसऱ्यात वेळ असूनही झोप येत नाही आणि हाच पुढच्या त्रासाचा इशारा असू शकतो. नैराश्य नसलेल्या पण निद्रानाश असलेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, असं जुने अभ्यासही सांगतात.

मग हे विचारलं का गेलं नाही?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. आरोग्य पथकं घरोघरी गेली. भर होता तापमान, ऑक्सिजनची पातळी आणि मधुमेह-रक्तदाबासारख्या जुन्या आजारांवर. त्या क्षणी जीव वाचवणं पहिलं होतं, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे.

पण त्याआधीची आणि नंतरची पोकळीही मोठी आहे. ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचं दिसलं. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचलेले नव्हते.

विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून ‘प्रेरणा प्रकल्प’ राबवला गेला. त्यात आशा सेविका शेतकरी कुटुंबांच्या ताणाची माहिती घेतात आणि गरज असेल त्यांना समुपदेशनाकडे पाठवतात. बारामती-इंदापूरला मात्र बागायती, सधन पट्टा म्हणून ओळखलं जातं. ऊस, द्राक्षं, डाळिंब असलेल्या गावात कोणाला मनाचा त्रास असेल, असं चटकन कोणाच्या मनात येत नाही. बागायतदाराचं कर्जही बागायती असतं, हे विसरलं जातं.

आशांकडच्या आरोग्य तपासणीच्या फॉर्ममध्ये आता मनाबद्दल दोन प्रश्न आहेत. कामात रस वाटत नाही का आणि उदास वाटतं का, असे ते प्रश्न. पीएचक्यू-२ या नावाने ते ओळखले जातात. झोपेचा प्रश्न त्यात नाही. तो येतो नऊ प्रश्नांच्या मोठ्या यादीत, तिसऱ्या क्रमांकावर.

झोपेपासूनच सुरुवात का करायची?

कारण ‘मला उदास वाटतं’ हे आशाताईसमोर, तेही घरातल्या चार माणसांत, कोण सांगणार? विशेषतः पुरुष आणि म्हातारी माणसं हे बोलत नाहीत. ‘वेडा ठरवतील’ ही भीती असते. पण ‘झोप लागत नाही’ हे कोणीही, कोणालाही सांगतं. त्यात कमीपणा वाटत नाही.

तिथून पुढचे प्रश्न आपोआप निघतात. किती दिवसांपासून? रात्री काय विचार येतात? जेवण जातं का? जगण्यात अर्थ वाटतो का?

आज मात्र ही तक्रार बऱ्याचदा गोळीवर संपते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्या जास्त काळ घेतल्या तर सवय लागू शकते. काही जण दारूचा आधार घेतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

काय करता येईल?

जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून सीबीटी-आय ही समुपदेशनाची पद्धत आहे, अशी अनेक देशांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ती साधारण सहा ते आठ भेटींत होते. तिची काही सूत्रं घरीही पाळता येतात:

- झोपण्याची वेळ चुकली तरी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी.
- साधारण २० मिनिटं झोप आली नाही तर अंथरुणावरून उठावं, मंद उजेडात बसावं आणि डुलकी येऊ लागल्यावरच परत आडवं व्हावं.
- दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत ठेवावी. रात्रपाळी किंवा रात्रीचं पाणी असेल त्या दिवसांना हा नियम लागू नाही.
- संध्याकाळनंतर चहा टाळावा आणि मोबाईल उशापासून दूर ठेवावा.

तीन महिन्यांपेक्षा जास्त त्रास असेल, सोबत सतत उदासी असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर घरगुती उपायांवर थांबू नये. बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्र विभाग असणं बंधनकारक असतं. म्हणजे उपचारासाठी पुणे गाठायलाच हवं असं नाही.

मोठा बदल मात्र यंत्रणेच्या हातात आहे. आशांच्या फॉर्ममध्ये झोपेचा एक प्रश्न वाढवणं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाबरोबर तोही विचारणं, याला फारसा खर्च नाही. शेतीला दिवसा वीज देण्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेकडे सध्या फक्त विजेचा विषय म्हणून पाहिलं जातं. ती वेगाने पूर्ण होणं हा आरोग्याचाही विषय आहे.

तोपर्यंत घरातलं, शेजारचं कोणी ‘झोपच येत नाही हल्ली’ असं म्हणालं, तर ‘मोबाईल कमी बघ’ म्हणून विषय संपवू नये. ‘कधीपासून?’ एवढं तरी विचारावं.

*(मनावर ताण असेल किंवा आत्महत्येचे विचार येत असतील तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास बोलता येतं. मराठीतही मदत मिळते.)*