अजिंठ्याजवळून रेल्वे जाणार, मग लेण्यांच्या भिंती किती थरथरतील?

९ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं देशभरातल्या आठ रेल्वे प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यातला एक होता जालना ते जळगाव. १७४ किलोमीटरचा नवा मार्ग, खर्च सुमारे ७,१०० कोटी रुपये, आणि काम पूर्ण करायचं उद्दिष्ट २०३०-३१. मंजुरीच्या वेळी सरकारनं एक गोष्ट आवर्जून सांगितली, या मार्गामुळे अजिंठा लेणी रेल्वेच्या जाळ्याला जोडली जाणार.

सिल्लोड-भोकरदनच्या माणसाला विचाराल तर ही मागणी किती जुनी आहे ते तो सांगेल. अजिंठा घाटातल्या रस्त्यावर ज्यांनी तासन् तास काढलेत, त्यांना तर रेल्वे कधी येते असं झालंय. पण असा प्रकल्प आला की दोन तट पडतातच. एक म्हणतो, विकास आला. दुसरा म्हणतो, लेण्यांना हादरे बसतील, चित्रं गळून पडतील.

या भांडणात कुणीच एक साधा प्रश्न विचारत नाही. हादरा म्हणजे नेमका किती? कारण हादरा मोजता येतो. वाळूजच्या कुठल्याही कारखान्यात मेंटेनन्सवाला हातात व्हायब्रेशन मीटर घेऊन रोज हेच काम करत असतो.

यंत्राचं कंपन मोजतात ते मिलिमीटर प्रति सेकंद या एककात. म्हणजे थरथरणारी वस्तू मागेपुढे होताना किती वेगानं हलते. छोट्या मोटरचा आकडा १.८ च्या खाली असेल तर चालू द्या. ४.५ च्या वर गेला तर मशीन बंद करा, बेअरिंग बघा. हा आंतरराष्ट्रीय मानकांमधला ठोकताळा आहे. गंमत अशी की जुन्या वास्तूंची सुरक्षितताही याच एककात मोजतात, फक्त तिथे सरासरीऐवजी सगळ्यात मोठा झटका धरतात.

आपल्याकडे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक आहे. सुरुंग लावताना आजूबाजूच्या बांधकामांना किती कंपन चालेल, ते त्यात दिलंय. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी मर्यादा अशी: कंपन सेकंदाला ८ वेळांपेक्षा कमी असेल तर २ मिलिमीटर प्रति सेकंद, ८ ते २५ वेळा असेल तर ५, आणि त्याहून जलद असेल तर १०. जर्मनीचं मानकही साधारण याच पट्ट्यात आहे. माणसाला पायाखाली थरथर जाणवायला लागते ती याच्या जवळपास दहाव्या हिश्शाला. त्यामुळे 'मला हादरा जाणवला' याचा अर्थ 'भिंतीला इजा झाली' असा लगेच होत नाही.

मर्यादा अशी मंद-जलद प्रमाणे बदलते का? इथे यंत्रशास्त्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते.

लालपरीतून प्रवास केलाय ना? गाडी स्टँडवर उभी असते, इंजिन चालू असतं आणि खिडकीची काच खडखडखड वाजत असते. ड्रायव्हरनं जरा रेस केलं की खडखड एकदम बंद. इंजिनचा जोर वाढला, तरी काच शांत झाली. असं का? चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला २० धक्के देतं. त्या सैल काचेची स्वतःची थरथरण्याची लय नेमकी त्याच्या आसपास असेल तर काच तालात येते. झोका बरोबर वेळेला ढकलला की उंच जातो, तसंच. याला अनुनाद म्हणतात. धक्क्यांची लय बदलली की ताल तुटतो. म्हणजे हादरा किती मोठा आहे एवढंच बघून भागत नाही, तो कोणत्या लयीत येतोय हेही बघावं लागतं.

आता लेण्यांकडे या. अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर काढलेली नाहीत. बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे धागे मिसळलेत. त्यावर पातळ पांढरा थर आणि मग रंग. डोंगर घट्ट आहे, तो सहजासहजी हलत नाही. प्रश्न आहे तो गिलाव्याचा. दीड-दोन हजार वर्षांत जिथे जिथे गिलाव्यानं दगडाची पकड सोडली, तिथे मागे पोकळी झाली. बोटानं हलकेच ठोकलं तर असा भाग डबडब वाजेल (तुम्ही मात्र ठोकू नका). तो तुकडा म्हणजे कडांवर ताणलेलं डफाचं कातडंच. त्याला स्वतःची लय असते, तुकडा जितका मोठा आणि पातळ तितकी मंद.

अशा तुकड्याला नेमकी त्याच्या लयीतली कंपनं मिळाली तर दगडातलं कंपन गिलाव्यात दहापटही होऊ शकतं. दगडावर मीटर ०.५ दाखवतोय, सगळं आलबेल, आणि दोन फुटांवरचा पोकळ तुकडा ५ नं हलतोय. म्हणून लेण्याच्या पायथ्याशी एक मशीन ठेवून 'मर्यादेच्या आत' असा अहवाल दिला तर तो अर्धवटच राहणार.

फर्दापूरच्या टी पॉइंटला तुमची गाडी अडवतात आणि पुढचे साधारण चार किलोमीटर एसटीच्या बसनं नेतात, हे तिथे जाऊन आलेल्यांना माहीत आहे. धूर आणि गर्दी लेण्यांपासून लांब राहते, निर्णय चांगलाच आहे. ई-बस आली की हादरेही संपतील असं मात्र धरून चालू नका. इंजिनचे धक्के रबरी माउंटिंग, स्प्रिंग आणि टायर यांतून जमिनीपर्यंत पोचेतो फारसे उरत नाहीत. जमीन हादरते ती चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा. तिथे गाडीचं वजन, वेग आणि रस्त्याची अवस्था एवढंच मोजलं जातं, आणि बॅटरीमुळे ई-बस डिझेल बसपेक्षा जडच असते. लेण्यांच्या दिशेला गुळगुळीत डांबर टाकणं आणि वेग कमी ठेवणं हा कंपनावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

रेल्वेचं गणित वेगळं. आपल्या मार्गांवर किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर असतात, म्हणजे दर ६० सेंटिमीटरला एक. ताशी १०० किलोमीटरच्या गाडीचं प्रत्येक चाक सेकंदाला ४६ स्लीपर ओलांडतं, आणि त्याच लयीत जमिनीला धक्के बसतात. वेग निम्मा केला तर लय २३ वर येते. हे जलद धक्के मातीत लवकर विरतात, पण सलग घट्ट बेसॉल्टमधून त्यामानानं लांब जातात. त्यावर उपाय आहेत. रुळांचे सांधे वेल्डिंगनं जोडणं, खडीखाली रबरी थर घालणं, बोगद्यात अख्खा रूळमार्ग रबराच्या बैठकीवर ठेवणं. हे सगळं आधी करायचं असतं. रूळ टाकून झाल्यावर खालून रबर सरकवता येत नाही.

मुंबईत हा धडा जरा महागात शिकून झालाय. मेट्रो ३ चं भुयार फोर्टातून जात असताना २०१७ मध्ये जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या जुन्या इमारतीचा दर्शनी दगड निखळला. विश्वस्तांनी मेट्रोच्या कामाकडे बोट दाखवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कोर्टानं त्या भागातलं काम काही काळ थांबवून तज्ज्ञांना बघायला लावलं. पुढे भुयार झालं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो कफ परेडपर्यंत धावतेय. म्हणजे वारसा आणि रेल्वे एकत्र नांदू शकतात. पण फोर्टातल्या वास्तूंना न्यायालयात धाव घेणारे विश्वस्त होते, वकील होते. वाघूर नदीच्या दरीतल्या भिंतींसाठी अर्ज कोण करणार?

'किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाही लेणी टिकली की' हा युक्तिवादही ऐकू येतो. तो भूकंप १९९३ चा, केंद्र शेकडो किलोमीटर लांब. शिवाय एक मोठा झटका आणि रोजचे छोटे झटके यांत फरक असतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पंचवीसदा वाकवली की तुटते. समजा दिवसाला २० गाड्या धावल्या, तर वर्षाला ७,३०० फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक गाडीला पन्नासावर डबे-वाघिणी असू शकतात.

तरी खरं सांगायचं तर चित्रांचा पहिला शत्रू कंपन नाही. पाझरणारं पाणी, दमटपणा, वटवाघळं, किडे आणि जुन्या दुरुस्तीत फासलेलं लाखेचं पॉलिश यांनी जास्त नुकसान केलंय. पण हेच घटक गिलाव्याची पकड सोडवतात, आणि पकड सुटलेल्या तुकड्यालाच कंपन बाधतं. पावसाळ्यात ओल धरलेला गिलावा आणि मे महिन्यातला कोरडा गिलावा एकसारखा हलत नाही.

त्यामुळे मोजणी सुरू करायची तर पहिला सुरुंग लागायच्या निदान वर्षभर आधी करावी लागेल, म्हणजे एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा हाती येईल. आज रेल्वे नसताना, पर्यटकांच्या पावलांनी, बसनं, वाऱ्यानं १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांतले पोकळ तुकडे किती हलतात, तो आकडा आधी नोंदवलेला हवा. नाहीतर २०३१ मध्ये एखादी पापडी सुटली तर रेल्वे म्हणेल आमच्यामुळे नाही, विरोधक म्हणतील तुमच्याचमुळे, आणि दोघांकडेही दाखवायला कागद नसेल. सेन्सर बसवायचा खर्च ७,१०० कोटींच्या प्रकल्पात शोधूनही दिसणार नाही. तो निविदेत लिहावा लागतो, इतकंच. आणि निविदा निघण्याआधी लिहावा लागतो.