नैसर्गिक दिसण्याचा हट्ट

‘निसर्ग’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द एका कुळातले असले तरी त्यांचे संसार वेगळे आहेत. झाडाखाली बोललेले वाक्य नैसर्गिक असेलच असे नाही आणि चार भिंतींच्या आत बोललेले कृत्रिम असेलच असेही नाही. वाङ्मयाच्या तासाला आपण हे विद्यार्थ्यांना समजावून सांगतो. घरच्या माणसांचे फोटो काढायची वेळ आली की मात्र आपणच ते विसरतो. आईवडिलांना गाडीत बसवून एखाद्या धरणाच्या काठावर किंवा फुललेल्या बागेत न्यायचे, ‘कॅमेऱ्याकडे बघू नका, नैसर्गिक वागा’ असे बजावायचे आणि शेवटी मोबाईलमधल्या सोयीने त्यांच्या मागचे सगळे पुसट करून टाकायचे. कुटुंबाच्या ‘नॅचरल’ फोटोची ही आजची सर्वमान्य कृती आहे. तिच्या तिन्ही पायऱ्या चुकीच्या आहेत, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे मांडायला धरणगावची आठवण उपयोगी पडते. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी याच गावी झाला. १९०७ साली जळगावला भरलेल्या पहिल्या मराठी कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. पाठ्यपुस्तकांनी त्यांना ‘निसर्गकवी’ ठरवले आणि त्यांचा निसर्ग जुन्या स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासारखा भिंतीला टांगून ठेवला. वास्तविक ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता वाचताना कोणाच्याही लक्षात यावे की तिथे पडदा नाही. झरा, टेकडीकडचे चिमुकले गाव, शेते, पायवाट आणि डोह यांच्यावरून नजर एकेक पाऊल पुढे सरकते आणि शेवटी पाण्याशी बसलेल्या एका आकृतीपाशी थांबते. ते झाड आहे, पण बसले आहे माणसासारखे. त्या बसण्याचा अर्थ काय, यावर समीक्षकांच्या पिढ्या वाद घालत आल्या आहेत. मला एवढेच म्हणायचे आहे की उघड्यावर काढलेले इतके चांगले व्यक्तिचित्र मराठीत विरळा. त्यात जागा व्यक्तीपर्यंत घेऊन जाते आणि व्यक्ती त्या जागेचीच असते. ते गाव आणि ती पायवाट पुसट करून पाहा. मागे फक्त वनस्पतिशास्त्राचा नमुना उरेल.

नेमके हेच आपला मोबाईल करतो. २०१६ साली आयफोनच्या एका मॉडेलमध्ये ‘पोर्ट्रेट मोड’ आला आणि पुढे तो स्वस्तातल्या फोनमध्येही पोचला. मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्यात पार्श्वभूमी धूसर होते ती प्रकाशाच्या नियमाने. इथे ते काम गणित करते. चेहरा ठेवावा आणि बाकीचे विरघळवून टाकावे, हा त्यामागचा विचार आहे. मग आजी कपाशीच्या शेतात उभी होती की पुण्याच्या सोसायटीच्या बागेत, हे फोटो सांगू शकत नाही. सुंदर दिसणाऱ्या या फोटोत ती कुठलीच राहत नाही.

आता ‘कॅमेऱ्याकडे बघू नका’ या आज्ञेकडे वळू. या आज्ञेला ‘कॅन्डिड’ असे प्रतिष्ठित नाव आहे आणि तिच्या मागे आन्री कार्तिए-ब्रेसाँचा दाखला दिला जातो. ‘निर्णायक क्षणा’ची त्याची कल्पना १९५२ च्या त्याच्या पुस्तकामुळे जगभर पोचली. पण ती प्रामुख्याने रस्त्यावरच्या अनोळखी माणसांत हिंडणाऱ्याची रीत होती. परक्याला न कळवता टिपण्यात एक कला असेल. स्वतःच्या आईला न कळवता टिपण्यात कसली कला आहे? तिथे लपायचे ते कोणापासून? मुलगा कॅमेरा घेऊन समोर उभा असताना आईने त्याच्याकडे पाहणे, हीच तिथली सर्वांत नैसर्गिक घटना आहे. तिला दुसरीकडे बघायला सांगणे म्हणजे तिच्याकडून अभिनय करवून घेणे.

यावर आक्षेप ठरलेला आहे: जुन्या वळणाची माणसे कॅमेऱ्यासमोर आखडतात, हात बाजूला सोडून पुतळ्यासारखी उभी राहतात. राहतात, हे खरे. पण ते आखडणे म्हणजे दोष, हे कोणी ठरवले? ज्या पिढीला आयुष्यात मोजके फोटो मिळाले, तिच्यासाठी फोटो हा प्रसंग होता आणि प्रसंगाला माणूस सावरून उभा राहतो. त्या उभे राहण्यात मर्यादा आहे, आणि समोर उभ्या असलेल्या शिकलेल्या मुलाविषयीचा अभिमान व किंचित परकेपणही आहे. हे नाते पुसून त्या जागी जाहिरातीतले हसू बसवणे म्हणजे बोलीत लिहिलेल्या मजकुराचे प्रमाणभाषेत ‘शुद्धलेखन’ करणे होय. रोलाँ बार्थने १९८० च्या ‘कॅमेरा ल्युसिडा’त दिवंगत आईचा शोध तिच्या कितीतरी फोटोंतून घेतला. ती त्याला सापडली ती १८९८ सालच्या एका फोटोत. काचेच्या उद्यानगृहात एका लाकडी पुलाच्या टोकाशी भावाबरोबर उभी केलेली पाच वर्षांची मुलगी. जरा पुढे ये, असे फोटोग्राफरने तिला सांगितले असावे, हे त्या फोटोवरूनच कळते असे बार्थ म्हणतो. म्हणजे फोटो उभे करून काढलेला होता आणि तरीही खरा होता.

आमच्याकडे शेतात काम करणाऱ्या बाया साडीवर पुरुषी सदरा चढवतात. कपाशीच्या नखांपासून आणि उन्हापासून हात वाचावेत म्हणून. फोटो म्हटला की आपण आधी तो सदरा काढायला लावतो. याच्या उलट काही हौशी मंडळी आता मुद्दाम तो घालायला लावतात, कारण त्यांना ‘ग्रामीण’ फोटो हवा असतो. दोघेही तिला काय वाटते ते विचारत नाहीत. तिला ठेवणीतले लुगडे नेसून फोटो काढावासा वाटला तर ती इच्छाही तिच्या स्वभावाचाच भाग आहे. तसाच काढावा, पण तिच्याच ओट्यावर, तिच्याच दारातल्या निंबाखाली. कपडे तिने ठरवावेत आणि जागा तिची असावी. फोटो काढणाऱ्याच्या वाट्याला उजेडाची काळजी उरते, आणि ती लहान नाही. खानदेशात वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हात पांढरी टोपी जळून जाते आणि तिच्याखालचे डोळे काळ्या खड्ड्यांत बुडतात. म्हणून सकाळचे कोवळे ऊन नाहीतर दिवेलागणीच्या आधीची वेळ निवडावी, आणि दुपारच सापडली तर सावली शोधावी. फोन नाकाजवळ नेला की नाक मोठे होते, म्हणून चार पावले मागे सरावे. त्वचा गोरी आणि गुळगुळीत करणारी सोय मात्र निग्रहाने बंद करावी. उन्हात रापलेला रंग हा कष्टाचा हिशेब आहे. तो परस्पर खोडण्याचा अधिकार मुलाला नाही.

घरच्या माणसाने घरच्या माणसाची नोंद कशी ठेवावी, याचा नमुना जळगावजवळच्याच आसोद्याच्या लेकीच्या बाबतीत घडून गेला आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. काम करता करता त्या गात होत्या आणि सोपानदेव व घरातले एक नातलग ते लिहून ठेवत होते. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी होते. आईची भाषा ‘सुधारणे’ त्यांना अवघड नव्हते. तरीही ती गाणी आईच्या बोलीत राहिली, म्हणून आज आपण ती वाचतो. कॅमेरा हाती असलेल्या मुलाने इतकेच लेखनिकपण पत्करावे.

ही चर्चा निव्वळ आवडीनिवडीची नाही. आपल्याकडे माणूस गेल्यावर हार घालायला फोटो शोधावा लागतो. मग कोणाच्या तरी लग्नातल्या समूहातून चेहरा कापून काढतात, नाहीतर ओळखपत्रावरचा मोठा करून घेतात. चाळीस वर्षे एकाच मळ्यात राबलेल्या बाईचा त्या मळ्यातला एकही फोटो घरात नसतो. महाबळेश्वरचे दहा असतात. पुढे वाटणी होते, मळ्याचे प्लॉट पडतात, दारातला निंब जातो. तेव्हा नातवंडांनी विचारले की आजी कुठे राहत होती, तर दाखवायला आपल्याकडे एक हसरा चेहरा असेल आणि त्याच्यामागे सुबक धुके.