काय दाबलंस?

परवा बचत गटाचा वार्षिक अहवाल टाइप करत होते. चार पानं झाली होती. शीर्षक जरा ठसठशीत दिसावं म्हणून फॉन्टची यादी उघडायला गेले आणि सगळं जागच्या जागी गोठलं. बाणाऐवजी नुसतं गोल चक्र गरगर फिरतंय! आतल्या खोलीतून लेक ओरडला, "आई, काय दाबलंस?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न कुठल्या घरात ऐकू येत नाही? मिक्सर बंद पडला तरी तोच, टीव्हीचं चॅनल गेलं तरी तोच. यंत्र बिघडलं की आधी बाईचा हात बघायचा. मीही इतकी वर्षं गुपचूप खुर्ची सोडून उठत आले. या वेळी नाही उठले.

पाच-सात मिनिटं थांबले, कारण कधीकधी चक्र आपोआप थांबतं. नाही थांबलं, तेव्हा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. तीन पानं परत मिळाली. चौथं गेलं. मी मधे एकदाही कंट्रोल-एस केलं नव्हतं. ही चूक मात्र माझीच.

यादीत प्रत्येक फॉन्टचं नाव त्याच्याच वळणात दिसतं ना, त्यासाठी प्रोग्रॅमला त्या त्या फाइलमध्ये डोकवावं लागतं. फाइल अर्धवट कॉपी झालेली असली की तिथेच अडकतो. दुसरं कारण प्रिंटर. काही प्रोग्रॅम पानाची मांडणी करताना ठरवून ठेवलेल्या प्रिंटरला विचारतात, आणि तो बंद असला तर वाट बघत बसतात. म्हणून आधी प्रिंटर बदलून पीडीएफवाला ठेवला. काही फरक नाही.

मग फॉन्ट्सचा विभाग उघडला. बघते तर काय, सहाशेच्या वर फॉन्ट! लग्नपत्रिकांच्या हौसेपायी पेनड्राइव्हवरून आणून ओतलेले. कोणी, ते सांगायला नको. लेकानं आणलेल्यांची आधी दुसरीकडे प्रत ठेवली आणि निम्मे काढून पाहिलं, मग उरलेल्यांतले निम्मे. संगणकाचे स्वतःचे फॉन्ट होते तसेच ठेवले. तासाभरात वेलबुट्टीचा एक अर्धवट फॉन्ट सापडला.

आणखी एक गोष्ट. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि बायका रडकुंडीला येतात. काही गेलेलं नसतं हो! त्या फॉन्टनी इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात. जुना फॉन्ट परत निवडला की मजकूर हजर. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, ते १९९१ पासून. मंगलसारख्या फॉन्टमध्ये लिहिलंत तर ही भानगडच नाही. टायपिंगच्या क्लासात मिनिटाला किती शब्द ते घोकून घेतात, पण हे एवढं सांगायला कुणाला वेळ नसतो. घरी टायपिंगची कामं घेऊन चार पैसे मिळवणाऱ्या बाईचं पान गेलं की तिची मजुरीही जाते, हे त्यांच्या गावीही नाही.

चौथं पान रात्री जेवणं उरकल्यावर पुन्हा टाइप केलं. शीर्षकाला साधा मंगलच ठेवला.