आवाज ओळखीचा, माणूस कोण?

माणूस आवाजावरून ओळखावा, ही आपली फार जुनी सवय. रात्री दारावर थाप पडली की आतून ‘कोण?’ असा प्रश्न येतो, बाहेरचा नुसते ‘मी’ म्हणतो आणि तेवढ्यावर कडी निघते. या ‘मी’वर विसंबण्याचे दिवस आता संपले. कृत्रिम बुद्धिमत्तेला एखाद्याचा थोडासा ध्वनिमुद्रित आवाज मिळाला, की ती त्याच आवाजात हवे ते वदवते.

मार्च २०२४ मध्ये मुंबईतल्या एका गृहस्थांना फोन आला : तुमच्या मुलाला दुबईत अटक झाली आहे. पाठोपाठ मुलाचा रडवेला आवाज. त्यांनी ८० हजार रुपये पाठवले. मुलगा सुखरूप होता. अडाणीच फसतात असे मानू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये इटलीच्या संरक्षणमंत्र्यांच्या नकली आवाजाने मास्सिमो मोराट्टी या बड्या उद्योगपतीकडून सुमारे दहा लाख युरो उकळले गेले.

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावी या संकटाला वेगळी धार आहे. आमच्या बीड जिल्ह्यातले कोयते हंगामात पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि नातवंडे. पाच-सहा महिने लेक-सून म्हणजे फोनमधला आवाज. ‘आबा, गाडी उलटली, दवाखान्यात पैसे भरायचेत,’ हे ऐकून कोणता बाप चौकशी करत बसेल? उसाची गाडी उलटणे त्याच्या पाहण्यातले असते. त्याला भोळा ठरवणे सोपे आहे. पण चोर त्याच्या मायेवरच डल्ला मारतो.

मी बँकेत आयुष्य काढले. तिथल्या माणसांना एक प्रकरण विसरता येत नाही. २४ मे १९७१ रोजी दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेत मुख्य रोखपालांना फोन आला. बोलणाऱ्या पंतप्रधान इंदिरा गांधी आहेत, असे त्यांना वाटले. ६० लाख रुपये रोख घेऊन ते निघाले आणि रुस्तम नगरवाला या इसमाच्या हवाली करून आले. आवाजाची नक्कल आपण केली, अशी कबुली नगरवालाने दिली. प्रकरणाचे गूढ मात्र राहिलेच. ध्यानात घ्यायचे ते इतकेच, की खुणेचे शब्दही ठरले होते. पण ते फोनवरूनच आले होते!

तारेने पैसे पाठवायचे, तेव्हा बँकांच्या तारेत एक गुप्त आकडा असे. कुलुपातल्या पुस्तकावरून तो ताडून पाहिल्याशिवाय पैसे दिले जात नसत. त्यात कुणाला अपमान वाटत नसे.

हीच रीत घरात आणावी. टोळी निघण्यापूर्वी समोरासमोर बसून एक शब्द ठरवावा; गेलेल्या बैलाचे नाव, शेतातल्या एखाद्या तुकड्याचे नाव. विचारायचा घरच्यांनी, सांगायचा पैसे मागणाऱ्याने. नाही सांगता आला, तर फोन ठेवून आपल्याजवळच्या जुन्या नंबरावर लावावा. तो लागला नाही तर मुकादमाला, टोळीतल्या सोबत्याला विचारावे.

मात्र सारा भार म्हाताऱ्यांवर टाकणे मला मान्य नाही. सही जरा वाकडी आली की चेक परत करणारी बँक, वृद्धाच्या खात्यातून अनोळखी खात्यात प्रथमच मोठी रक्कम जाताना ती काही तास का रोखत नाही? खरी निकड असली तर, असा प्रश्न येईल. म्हणून सक्ती नको. ज्याला हवी त्याला आपल्या खात्यापुरती ही अट घालून घेण्याची सोय प्रत्येक बँकेने द्यावी.

तरीही घात झालाच, तर तात्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ते गोठवण्याची संधी असते. घरचे बोलतील या भीतीने आबा दोन दिवस गप्प बसले, तर ते दोन दिवस चोराला मिळतात. तेव्हा घरच्यांनी आधी जीभ आवरावी.

आणि फडातल्या लेकाला बापाने शब्द विचारलाच, तर ‘माझाही भरवसा नाही का?’ म्हणून रुसू नये. शब्द सांगावा आणि म्हणावे, ‘आबा, विचारलं ते बरं केलं.’