न वाचता केलेली सही



मागच्या शनिवारी वर्गाबाहेर गाडीतच मी मुलीच्या गृहपाठावर सही केली. "बाबा, तुम्ही वाचलंत का?" तिने विचारले. मी गप्प. आणि माझी नोकरी तर दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासण्याची!

संगणक सुरू होतो तेव्हा त्याला काहीच येत नसते. केंब्रिजला १९४९ साली चालू झालेल्या एडसॅक यंत्राला टेप वाचायलाही आधी शिकवावे लागे. त्यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी ३१ सूचना लिहिल्या होत्या. बटण दाबले की त्या मेमरीत जाऊन बसत. आजच्या यंत्राची मेमरी सुरुवातीला कोऱ्या पाटीसारखीही नसते. वीज आली की तिच्यात शून्य आणि एक कसेही विखुरलेले असतात. म्हणून लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम, आरंभीच आपला एक ठराविक भाग शून्यांनी भरून घेतो. आधी पाटी पुसायची, मग लिहायचे.

काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने अशाच आरंभीच्या भागात चार ओळींची दुरुस्ती केली. मी वरवर पाहून "ठीक आहे" म्हटले. यंत्राची वीज न तोडता ते पुन्हा सुरू केले की सगळे सुरळीत चाले, कारण मेमरीत आधीचीच शून्ये शिल्लक असत. रात्रभर बंद ठेवून सकाळी चालू केले, की अडकले! कारण सापडायला दोन आठवडे गेले. चूक त्याची खरी, पण होकार माझा होता.

लिनक्समध्ये तपासणारा दुरुस्तीखाली आपले नाव लिहितो. "यात चूक नाहीच" अशी हमी तो देत नाही. "मी नीट वाचले, शंका विचारल्या, माझ्या मते हे घेण्याजोगे आहे," एवढेच तो सांगतो. पण ते नाव कायम राहते.

माझ्या मते गृहपाठावरची आपली सहीही अशीच असावी. दहा मिनिटे वाचा, एक तरी प्रश्न विचारा. आपले मराठी कच्चे असेल तर मुलांकडूनच समजून घ्या. आणि मुलांनो, सही घेताना "वाचलंत का?" असे जरूर विचारा.

त्या संध्याकाळी मी ते पान वाचले. निबंध होता 'माझे आजोबा'. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका सापडल्या. आणि माझ्या वडिलांनी तिला फोनवर सांगितलेली एक आठवण, जी मला आजवर ठाऊकच नव्हती.

– एक पालक