रमजानच्या आधी माणसांचा हिशेब

शाबान निम्मा सरला की भंडारा जिल्ह्यातल्या मुस्लीम घरांत रमजानची चाहूल लागते. मस्जिदीला रंग लागतो, चटया धुऊन निघतात, तरावीहसाठी हाफिजसाहेब ठरतात. घरी खजूर, बेसन आणि शेवयांच्या याद्या तयार होतात. मोबाइलवर सहरी-इफ्तारचे वेळापत्रक येऊन पडते. ही तयारी हवीच. पण ज्या माणसाला या महिन्यात बदलायचे आहे, त्या माणसाची तयारी कितपत झाली आहे?

यंदा शाबान आणि उन्हाळी धानाची रोवणी एकत्र आली आहे. पवनी, लाखांदूर, तुमसरकडच्या शिवारात फिरणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. बांधीत पाणी सोडण्याआधी शेतकरी तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि धुरे तपासतो. धुऱ्यात खेकड्याचे एखादे बीळ राहून गेले, तर संध्याकाळी भरलेली बांधी सकाळी रिकामी दिसते. त्यात पाण्याचा दोष नसतो.

आपलेही असेच होते. रमजानमध्ये रोजे होतात, तरावीह होते, कुरआन पूर्ण होतो, डोळ्यांत पाणीही येते. मग ईदनंतर आठवड्याभरात आपण होतो तिथेच परत येतो. तोच राग, तीच जीभ, तोच व्यवहार. रमजानची बरकत कमी पडली असे नसते. आपल्या धुऱ्याला भोक असते. ते शोधून बुजवण्याचा महिना म्हणजे शाबान.

रमजानचे रोजे हिजरी सन 2 मध्ये अनिवार्य झाले. पैगंबर मुहम्मद (स.) रमजान वगळता सर्वाधिक रोजे शाबानमध्ये ठेवत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. म्हणून या दिवसांत ज्याला जमेल त्याने सोमवार-गुरुवारचे रोजे ठेवावेत, मागच्या वर्षीचे राहिलेले रोजे पूर्ण करावेत, मराठी भाषांतरासह रोज कुरआनचे एक पान वाचावे, फजरला उठण्याची सवय लावावी. हे बहुतेकांना माहीत असते. जे राहून जाते, त्याबद्दल आज बोलायचे आहे.

सूरह अल्-बकराच्या 183व्या आयतीपासून रोजांचा विषय सुरू होतो. रोजा कशासाठी, तर तुमच्यात तक्वा म्हणजे ईशभय निर्माण व्हावे यासाठी, हे तिथेच स्पष्ट केले आहे. आजारी माणसाने आणि प्रवाशाने काय करावे, कुरआन कोणत्या महिन्यात उतरला, सहरी कधीपर्यंत खावी, हे सारे 187व्या आयतीपर्यंत येते. आणि लगेच पुढे, 188व्या आयतीत, विषय येतो पैशांचा. एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाऊ नका, आणि दुसऱ्याचा हिस्सा जाणूनबुजून गिळण्यासाठी प्रकरण अधिकाऱ्यांपर्यंत नेऊ नका, अशी ताकीद त्या आयतीत आहे.

हा क्रम लक्षात घ्या. अल्लाहच्या आज्ञेखातर जो स्वतःच्या घरातली हलाल भाकर दिवसभर दूर ठेवू शकतो, त्याला दुसऱ्याच्या ताटातली भाकर बाराही महिने दूर ठेवता आली पाहिजे. ते जमत नसेल, तर आपला रोजा पोटापर्यंतच थांबला असे समजावे.

इथे स्वतःचीच एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी लाखनीला आम्ही काही मित्रांनी एक कार्यक्रम घेतला. मंडप-बिछायतवाल्या भाऊंचे साडेतीन हजार रुपये द्यायचे राहिले. द्यायची जबाबदारी माझी होती. आज देऊ, उद्या देऊ करत रमजान उजाडला. आम्ही गरजू घरांना राशन किट वाटल्या, त्याचे फोटो मी मोबाइलवर स्टेटसला ठेवले. रात्री त्याच भाऊंचा मेसेज आला, “खूप छान काम करता भाऊ.” पैशांबद्दल एक अक्षरही नाही. त्या रात्री तरावीहमध्ये मी उभा होतो, पण मन त्या मेसेजवरच अडकून राहिले. लोकांच्या वर्गणीतून मी दानशूर झालो होतो, आणि ज्याने घाम गाळून मंडप उभा केला तो माझ्या दारात यायला संकोचत होता. सकाळी जाऊन पैसे दिले आणि माफी मागितली. ते हसून म्हणाले, “अरे, आठवण होती तुम्हाला!” आठवण होती, हाच तर माझा गुन्हा होता.

पैगंबरांनी (स.) एकदा सोबत्यांना विचारले की कंगाल कोण? ज्याच्याकडे पैसा नाही तो, असे उत्तर आले. त्यांनी समजावले, की माझ्या उम्मतमधला खरा कंगाल तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कुणाला शिवी दिली असेल, कुणावर आळ घेतला असेल, कुणाचे पैसे खाल्ले असतील, कुणाला मारले असेल. त्याची पुण्ये या लोकांना वाटली जातील. पुण्ये संपली, तर त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील. सहीह मुस्लिममधली ही हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. तीत रोजा न ठेवणाऱ्याचा उल्लेखच नाही. रोजे ठेवूनही बुडालेल्या माणसाची ती गोष्ट आहे.

म्हणूनच उलेमा सांगतात, की अल्लाहच्या हक्कात चूक झाली तर पश्चात्ताप करावा, ती चूक सोडावी आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करावा. माणसाच्या हक्कात चूक झाली असेल, तर याशिवाय आणखी एक अट आहे. त्याचा हक्क त्याला परत करावा किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा. रमजानच्या रात्रीची दुआ या अटीला पर्याय नाही.

तेव्हा रमजान लागण्याआधी एका संध्याकाळी वही-पेन घेऊन बसू या. चार गोष्टींची नोंद पुरे आहे.

पहिली, पैसा. मित्राकडून घेतलेले उसने, किराणा दुकानाची उधारी, गॅरेजचे बिल, रोवणीच्या किंवा बांधकामाच्या मजुरांची थकलेली मजुरी. मजुराकडून पूर्ण काम घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी मी स्वतः उभा राहीन, असा अल्लाहचा इशारा बुखारी शरीफच्या हदीसमध्ये आहे. मजूर कोणत्या धर्माचा, असा भेद तिथे नाही. कर्ज फेडायची ऐपत नसेल तर तोंड लपवू नका. जाऊन सांगा, मुदत मागा. आणि आपले पैसे कुणाकडे अडकले असतील, तो खरोखर अडचणीत असेल, तर त्याला सवड द्या. माफ करणे अधिक चांगले, असे कुरआनच (2:280) सांगतो.

दुसरी, बहिणीचा वाटा. हा विषय तरुणांचा नाही असे म्हणून आपण तो टाळतो. सूरह अन्-निसाच्या 11व्या आयतीत मुलीचा वाटा अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे. तरीही कितीतरी घरांत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि ‘तिने खुशीने सोडले’ असे सांगितले जाते. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही खुशीची नसते. आपल्या हाती आज जमीन नसेल, पण वडिलांना अदबीने विचारता येईल, “अब्बा, आत्याचा वाटा दिला होता का?” हा प्रश्न विचारायला धैर्य लागते. रमजानची तयारी म्हणतात ती हीच.

तिसरी, जीभ. आता तीत बोटेही आली. खोटे बोलणे आणि खोटेपणाने वागणे जो सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, अशा अर्थाची हदीस आहे. पाठीमागे निंदा करण्याला कुरआनने (49:12) मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. रोजात पाण्याचा घोटही न घेणारे आपण ग्रुपवर बसून ते मांस खातो. खात्री न केलेला मेसेज पुढे पाठवणे, मुलीच्या फोटोवर शेरा मारणे, घरात आईवर आवाज चढवणे, हे सगळे त्या वहीत लिहा.

चौथी, तुटलेली नाती. शबे-बरातला माफीचा एक तयार मेसेज एकाच वेळी दोन-अडीचशे जणांना जातो. ज्या चुलतभावाशी तीन वर्षे बोलणे नाही, त्याचे नाव मात्र त्या यादीत नसते. ज्यांना दुखावलेच नाही त्यांची माफी मागणे सोपे असते. यंदा तो मेसेज पाठवू नका. त्याऐवजी एकाच माणसाला फोन करा, ज्याचा नंबर लावताना हात जड होतो. आपण केलेली निंदा सांगून नवे भांडण उभे राहणार असेल, तर ज्या बैठकीत निंदा केली तिथेच त्याचे चांगले बोला आणि त्याच्यासाठी दुआ करा, असा मार्ग उलेमांनी दाखवला आहे.

भंडारा जिल्ह्यात आपण संख्येने थोडे आहोत. अनेक गावांत मुस्लिमांची मोजकीच घरे आहेत. शेजारी कुरआन उघडून वाचेल न वाचेल, पण आपला व्यवहार तो रोज वाचतो. रोजेदार दुकानदाराचे माप, रोजेदार मेकॅनिकचा शब्द, रोजेदार तरुणाचे गाडी चालवणे, यातूनच त्याला इस्लाम कळतो. त्याच्या मनात प्रतिमा सुधारावी एवढ्यासाठी हे करायचे नाही. त्याचा आपल्यावर हक्क आहे, म्हणून करायचे.

चारही नोंदी एका शाबानमध्ये पूर्ण होतीलच असे नाही. एखादे कर्ज वर्षभर चालेल, एखादा भाऊ फोन उचलणार नाही. तरीही सुरुवात केलेला माणूस रमजानच्या पहिल्या सहरीला वेगळ्या मनाने उठेल. चंद्र दिसायला अजून थोडे दिवस आहेत. आज इशानंतर वही उघडा आणि पहिले नाव लिहा.

हे अल्लाह, आम्हाला रमजानपर्यंत पोहोचव, आणि तिथे पोहोचण्याआधी तुझ्या बंद्यांचे हक्क फेडण्याची सद्बुद्धी दे. आमीन.